‘इटर्नल ब्लू’ : एकाच गळ्याची दोन टोके आणि त्यांना सांधणारे ध्वनिमुद्रण

स्पिरिटबॉक्स या कॅनडातील बँडचा ‘इटर्नल ब्लू’ हा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम १७ सप्टेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात बारा गाणी आहेत आणि एकूण लांबी सुमारे ४३ मिनिटे आहे. तेव्हापासून मी तो वारंवार ऐकत आले आहे आणि दर वेळी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबले आहे. मेटलकोरमध्ये, म्हणजे हेवी मेटल आणि हार्डकोर पंक यांच्या मिश्रणातून घडलेल्या संगीतात, गायकाच्या आवाजाचा पल्ला म्हणजे नेमके काय, आणि तो पल्ला श्रोत्यापर्यंत पोहोचण्यात गळ्याचा वाटा किती व मिक्स करणाऱ्याच्या, म्हणजे मुद्रित आवाज व वाद्ये एकत्र जुळवणाऱ्याच्या, हातांचा वाटा किती? या अल्बमचे परीक्षण मी त्या प्रश्नाच्या अंगाने करणार आहे, कारण त्याचे उत्तर इतक्या स्पष्टपणे, आपल्या गुणांतून आणि दोषांतूनही, देणारे अल्बम मला फार थोडे आढळले आहेत.

व्हँकुव्हर बेटावरील व्हिक्टोरिया हे या बँडचे शहर. गायिका कोर्टनी लाप्लांट आणि गिटारवादक माइक स्ट्रिंगर हे पती-पत्नी या बँडचा गाभा आहेत. त्याआधी दोघेही ‘आय रेसल्ड अ बेअर वन्स’ या बँडमध्ये होते. ‘इटर्नल ब्लू’चे ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री येथे झाले आणि निर्माता म्हणून डॅन ब्राउनस्टीन यांनी काम पाहिले. त्यापूर्वी, २०२० मध्ये, ‘होली रोलर’ हे गाणे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले आणि त्यातील भेदक ग्रोलमुळे, म्हणजे घशातून काढलेल्या खोल गुरगुरत्या गर्जनेमुळे, बँडचे नाव सर्वदूर गेले. ते गाणे ऐकून अल्बमकडे वळलेल्या श्रोत्याला सगळा अल्बम तशाच गर्जनांचा असेल असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात त्यातील मोठा भाग स्वच्छ, मृदू आणि सुरेल गायनाचा आहे.

पल्ल्याचा हिशोब सहसा सप्तकांमध्ये केला जातो. अमुक गायक मंद्रातल्या या स्वरापासून तारसप्तकातल्या त्या स्वरापर्यंत जातो, अशी मोजदाद चाहत्यांना प्रिय असते. स्वच्छ गायनासाठी ती उपयोगी आहे, पण स्क्रीम (खरखरीत किंचाळी) आणि ग्रोल यांना तो मापदंड जवळजवळ लागूच पडत नाही. फॉल्स कॉर्ड नावाच्या तंत्रात खऱ्या स्वरतंतूंच्या किंचित वर असलेली मऊ घड्यांची दुसरी जोडी जवळ आणून तिच्यात कंपने निर्माण केली जातात, तर फ्राय स्क्रीममध्ये अगदी थोड्या हवेवर खरे स्वरतंतू दाबून धरले जातात आणि त्या करकरीवर आवाजाची धार उभी राहते. दोन्हींमध्ये जे बाहेर पडते त्यात ठराविक स्वर क्षीण असतो किंवा नसतोच. खरखर मात्र भरपूर असते. तरीही एक स्क्रीम आपल्याला उंच वाटते आणि दुसरी पाताळातून आल्यासारखी वाटते. असे का होते हे समजायचे असेल तर एक साधा प्रयोग करावा. अगदी कुजबुजत, आवाज न काढता, आधी ‘ई’ म्हणावे आणि मग ‘ऊ’ म्हणावे. कुजबुजीत स्वर नसतो, तरी ‘ई’ वरची लागते आणि ‘ऊ’ खालची. हा फरक तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीने घडवलेला असतो. ओठ पुढे काढून, घसा मोकळा करून पोकळी मोठी केली की ग्रोल खोल जातो. जीभ उचलून, तोंड आडवे ताणून ती लहान केली की स्क्रीम वर चढते. म्हणून मेटलकोर गायकाचा पल्ला मुख्यतः पोकळ्यांचा पल्ला असतो, आणि लाप्लांट यांचे प्रभुत्व मला सर्वांत आधी तिथेच जाणवले. एकाच ओळीत त्या आवाजाचा रंग काळोखातून पांढऱ्या धारेपर्यंत नेतात आणि शब्दाचे व्यंजन मात्र हातचे जाऊ देत नाहीत.

आता ध्वनिमुद्रणाकडे वळू. स्वच्छ आवाजाला सुसंगत स्वरमालिका असते, त्यामुळे गदारोळातही कान तो शोधून काढतो. स्क्रीम ही मात्र रुंद पट्ट्यात पसरलेली खरखर असते. डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेली, गिटारही तशीच असते, झांजाही तशाच असतात आणि स्नेअर ड्रमचा फटकारा नेमका त्याच भागात येतो जिथे शब्द कळण्यासाठी आवश्यक असलेली व्यंजने राहतात. त्यात हल्लीच्या मेटलकोरमध्ये गिटारी फार खाली उतरवलेल्या असतात. सहा तारांच्या गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या जुळवणीत सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते आणि बासची सुमारे ४१ हर्ट्झवर. गिटार त्या अंतराच्या मध्यात कुठेतरी येऊन बसली की बास, गिटार आणि किक ड्रम यांची तळाशी गर्दी होते. ती गर्दी निस्तरण्यासाठी मिक्स करणारा खालचा भाग छाटतो आणि गिटारची ओळख वरच्या मध्यपट्ट्यात राखतो, म्हणजे थेट आवाजाच्या अंगणात आणून सोडतो. स्क्रीम ऐकू यावी म्हणून मग तिच्यावर जबर कंप्रेशन (हळू व मोठ्या आवाजातील फरक कमी करणारी प्रक्रिया) लावले जाते, तिच्या दोन-तीन प्रती एकमेकींवर रचल्या जातात, काही डावीकडे व काही उजवीकडे सरकवल्या जातात. अनेकांना आश्चर्य वाटेल, पण उत्तम तंत्राची स्क्रीम खोलीत उभे राहून ऐकली तर अपेक्षेहून बरीच लहान असते. कित्येकदा ती पूर्ण ताकदीने गायलेल्या स्वच्छ स्वरापेक्षाही हळू असते. आपल्याला रेकॉर्डवर जाणवणाऱ्या तिच्या प्रचंडपणात कंप्रेशनचा वाटा फार मोठा असतो.

या संदर्भात माझा स्वतःचा एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. काही वर्षांपूर्वी मी एका हौशी बँडमध्ये गात असे आणि आम्ही चार गाण्यांचे ध्वनिमुद्रण करून घेतले होते. मिक्स हाती आल्यावर मला धक्का बसला. स्वच्छ भागांवर भरपूर रिव्हर्ब (घुमण्याचा परिणाम), सूर दुरुस्त करून गुळगुळीत केलेला आवाज, श्वास सगळे कापून टाकलेले. आणि स्क्रीमच्या भागात कोरडा, अरुंद, जवळ चिकटवल्यासारखा आवाज. दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे ऐकले तर वाईट नव्हते. एकापाठोपाठ ऐकले की मात्र दोन निराळ्या खोल्यांतल्या दोन निराळ्या बायका गात आहेत असे वाटे. ज्या ओळीसाठी मी महिनोन्‌महिने सराव केला होता, जिच्या मध्यावर स्वच्छ स्वर हळूहळू फाटत जाऊन स्क्रीममध्ये उतरत होता, तिथे मिक्समध्ये सरळ एक जोड दिसत होता. माझा पल्ला मुद्रित झाला होता, पण त्या पल्ल्यावरून चालत गेलेली व्यक्ती गायब झाली होती. तेव्हापासून मेटलकोरचा कोणताही अल्बम ऐकताना मी पहिली गोष्ट तपासते ती हीच, की गुणगुणणारी आणि किंचाळणारी व्यक्ती एकच आहे असे मला ऐकू येते का?

हा प्रश्न या शैलीत जुना आहे. अनेक बँडनी तो काम वाटून सोडवला. अंडरओथमध्ये २००४ च्या सुमारास स्पेन्सर चेंबरलेन स्क्रीम करीत आणि ड्रमवादक आरन गिलेस्पी स्वच्छ गात. तिथे दोन आवाज दोन माणसांचे असल्यामुळे संवादाचा परिणाम साधतो आणि मिक्समध्ये त्यांना वेगवेगळे ठेवणे रास्तच ठरते. मॅसॅच्युसेट्समधील किलस्विच एंगेजने दुसरा मार्ग निवडला. २००२ च्या ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’मध्ये जेसी लीच यांनी आणि २००४ च्या ‘द एंड ऑफ हार्टेक’मध्ये हॉवर्ड जोन्स यांनी दोन्ही टोके मुख्यतः एकट्याने पेलली. दोन्ही अल्बमची निर्मिती बँडमधील ॲडम डट्किएविच यांची होती आणि मिक्स अँडी स्नीप यांचे. जोन्स यांच्या स्वच्छ आवाजाला जो खालचा, भरदार पोत आहे तोच त्यांच्या ग्रोलच्याही बुडाशी ऐकू येतो, आणि त्या मिक्समध्ये तो पोत पुसला गेलेला नाही, याचे मला आजही कौतुक वाटते. त्या काळी मिक्सचा पट साधा होता. गिटारींच्या दोन भिंती, मध्ये ड्रम, समोर आवाज. पुढे, विशेषतः २०१३ मध्ये ब्रिंग मी द होरायझनच्या ‘सेम्पिटर्नल’ने कीबोर्डवादक जॉर्डन फिश यांच्या साथीने सिंथ (सिंथेसायझर) व इलेक्ट्रॉनिक पोत केंद्रस्थानी आणल्यावर, आवाजाला गिटारशीच नव्हे तर सिंथच्या पसरट थरांशीही जागा वाटून घ्यावी लागली. ‘इटर्नल ब्लू’ त्या नंतरच्या जगातला अल्बम आहे.

‘सन किलर’ या पहिल्या गाण्यातच त्याची खात्री पटते. सुरुवात सिंथच्या स्पंदनाने होते आणि लाप्लांट यांचा आवाज दबक्या पावलांनी, जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखा येतो. जड गिटारी बराच वेळ रोखून धरल्या आहेत. निर्मात्याचा हा संयम मला फार मोलाचा वाटतो, कारण शेवटी जेव्हा गाणे आपले पूर्ण वजन टाकते आणि स्क्रीम येते तेव्हा ती आधीच्या त्याच कुजबुजीचे वाढलेले रूप वाटते. इथे पल्ला रचनेतून मोजला गेला आहे. दोन टोकांमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा हाही निर्मितीचाच निर्णय असतो, आणि पहिल्याच गाण्यात तो अचूक घेतला आहे.

‘होली रोलर’ हे दुसऱ्या प्रकारचे यश आहे. त्यात स्वच्छ गायनाचा आधार जवळजवळ नाहीच, आणि तरीही गाणे एकसुरी होत नाही. खोल ग्रोल, मधली खरखरीत गर्जना आणि वरची कापरी धार असे तीन थर त्यात आलटून पालटून येतात आणि रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हापुन्हा येणारे तुकडे, मुद्दाम सुटसुटीत ठेवलेले आहेत. रिफमध्ये स्वर कमी आणि थांबे जास्त, त्यामुळे आवाजाला शिरायला फटी मिळतात. ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे गाण्यातल्या संथ, जड आघातांच्या भागात, ग्रोल सर्वांत खाली जातो तेव्हा त्याच्याभोवती जी मोकळी जागा आहे, तीच त्याला मोठा करते. कितीही शक्तिमान गायक असला तरी अखंड वाजणाऱ्या गिटारच्या भिंतीसमोर त्याचा खालचा ग्रोल निव्वळ गुरगुर बनतो, हे ज्यांनी कमी कुवतीचे मिक्स ऐकले आहेत त्यांना सांगायला नको. ‘सिल्क इन द स्ट्रिंग्ज’ हे लहान, आक्रमक गाणेही याच कुळातले, पण वाद्ये अधिक दाट असल्यामुळे तिथे काही शब्द हरवतात.

‘यलोजॅकेट’मध्ये ब्राइटनच्या आर्किटेक्ट्स या बँडचे गायक सॅम कार्टर पाहुणे म्हणून आले आहेत. त्यांची खासियत अशी, की त्यांच्या गर्जनेच्या आत स्वर टिकून राहतो. ती स्क्रीम असूनही तिला चाल असते. लाप्लांट यांचा ग्रोल याउलट स्वराला पूर्ण सोडून देतो आणि रंगावर चालतो. दोन तंत्रे शेजारी ठेवल्यामुळे श्रोत्याला त्यांतील भेद आपोआप कळतो, म्हणून या शैलीशी नव्याने ओळख करून घेणाऱ्यांना मी हे गाणे आवर्जून ऐकायला सांगते.

परंतु या अल्बमचे माझ्या मते सर्वोत्तम गाणे ‘सर्कल विथ मी’ हे आहे. ते सुरेल स्वच्छ गायनाने सुरू होते, कोरस वर चढतो आणि उत्तरार्धात आवाज तोंडावर आदळावा तसा स्क्रीममध्ये जातो. या बदलाच्या क्षणी मी हेडफोन लावून, आवाज थोडा कमी करून, केवळ पोताकडे लक्ष देऊन अनेकदा ऐकले आहे. स्वच्छ कोरसला बाजूंना प्रती आहेत, त्यामुळे तो रुंद आहे. स्क्रीम मध्यभागी येते, अधिक कोरडी आणि जवळची. माझ्या त्या जुन्या मिक्समध्येही अगदी हेच केले होते आणि ते फसले होते. इथे ते फसत नाही याचे कारण मला असे वाटते की, स्वच्छ आवाजाच्या मध्यातच एक न रुंदावलेला, थोडासा खडबडीत थर शाबूत ठेवलेला आहे आणि स्क्रीम सुरू होते ती त्याच जागी, त्याच अंतरावर. कानाला व्यक्ती जागची हललेली वाटत नाही, तिचा चेहरा तेवढा बदलतो. बँडने याच गाण्याचा, लाप्लांट स्टुडिओत एका दमात, न थांबता गात असल्याचा व्हिडिओही प्रसिद्ध केला होता. तो पाहिल्यावर दोन गोष्टी निर्विवाद होतात. एक, की हा पल्ला संपादनाने जोडून बनवलेला नाही. दोन, की एका दमातील गायनात जो ताण दिसतो, बदलाच्या आधी खांद्यांत आणि जबड्यात जी तयारी दिसते, तिचा काही अंश अल्बममधील मिक्समध्येही उरला आहे. काही अंश, सगळा नव्हे, आणि इथून माझ्या तक्रारीला सुरुवात होते.

अल्बमचा मधला पट्टा अतिशय गुळगुळीत आहे. ‘द समिट’, ‘सीक्रेट गार्डन’ आणि ‘वी लिव्ह इन अ स्ट्रेंज वर्ल्ड’ ही गाणी मुख्यतः स्वच्छ गायनावर उभी आहेत. चाली उत्तम आहेत. ‘सीक्रेट गार्डन’च्या कोरसमध्ये लाप्लांट यांचा वरचा आवाज किती निर्भर आहे हे ऐकताना मन भरून येते. मात्र या गाण्यांत आवाज इतका तासून, इतका समतल करून ठेवला आहे की एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना गळा जो किंचित घसरतो, जी बारीकशी मींड घेतो, ती ऐकू येईनाशी झाली आहे. सिंथचा मऊ थर आणि आवाजाचा मऊ थर एकाच रंगाचे होतात. स्वच्छ गायन स्क्रीमच्या विरुद्ध टोकाला असते ते केवळ खरखर नसल्यामुळे नव्हे. त्यात माणूस उघडा, असुरक्षित ऐकू येतो, म्हणून ते विरुद्ध टोक ठरते. श्वास आणि घसरण काढून टाकली की ते टोकच आत ओढले जाते, आणि पल्ला कागदावर तेवढाच राहून कानाला आखूड लागतो. स्क्रीमवर ब्राउनस्टीन यांनी जो विश्वास दाखवला आहे तोच या तीन गाण्यांतील मृदू आवाजावर दाखवायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

दुसरी तक्रार मास्टरिंगची, म्हणजे मिक्सवरच्या अखेरच्या संस्कारात ठरवलेली, आवाजाची पातळी. ही तक्रार या अल्बमपुरती नाही, आजच्या बहुतेक मेटलकोरची आहे. हळू भाग आणि जोरकस भाग यांच्या पातळीत इतका कमी फरक राहतो की ब्रेकडाउनचा आघात आपण कानाने कमी आणि सवयीने जास्त ओळखतो. शीर्षकगीतात आणि ‘हॅल्सिअन’मध्ये शांत भागांना आणखी थोडे खाली राहू दिले असते तर पुढचे वजन दुप्पट वाटले असते. ‘हॅल्सिअन’ची उभारणी सुंदर आहे, म्हणून तिथे ही उणीव अधिक खुपते.

हा अल्बम कशावर ऐकावा याबद्दल थोडे. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर खालच्या गिटारी जवळजवळ नाहीशा होतात आणि आवाज एकटा पुढे येतो. गायकी अभ्यासायची असेल तर हे एका परीने उपयोगाचेही आहे. पण मिक्सचे काम समजून घ्यायचे असेल तर बंद कपांचे, बासचा फुगवटा नसलेले साधे स्टुडिओ हेडफोन घ्यावेत. बास वाढवणाऱ्या हेडफोनवर ‘होली रोलर’मधील ग्रोल आणि गिटार यांच्यातील ती काळजीपूर्वक राखलेली फट बुजून जाते. सलग बारा गाणी एका बैठकीत ऐकावीत, क्रम मोडू नये.

ज्यांना गाणे म्हणजे अथपासून इतिपर्यंत गर्जना हवी आहे त्यांची इथे निराशा होईल. ज्यांना मेटलची भीती वाटते आणि तरीही त्यात आवाजाला काय करता येते याचे कुतूहल आहे, त्यांच्यासाठी याहून चांगले प्रवेशद्वार मला ठाऊक नाही. बँडने पुढे २०२३ मध्ये ‘द फिअर ऑफ फिअर’ आणि २०२५ मध्ये ‘त्सुनामी सी’ प्रसिद्ध केले, आणि आधी तेच ऐकलेल्यांनीही या अल्बमकडे एकदा मागे वळून यावे.

अल्बमचा शेवट ‘कॉन्स्टन्स’ने होतो. मधल्या पट्ट्यात मला जो गुळगुळीतपणा खटकला होता तो इथे बराच सैल झाला आहे. आवाजाला थोडी ओल आहे, ओळींच्या टोकाला स्वर विरत जातो तो पुरता विरू दिला आहे, आणि वाद्ये वाढत गेली तरी त्या आवाजाच्या पुढे येत नाहीत. ‘होली रोलर’मध्ये ज्या गळ्याने अंगावर काटा आणला होता तोच गळा इथे निरोप घेतो आहे, हे कोणी न सांगताही कळते.